हजेरीचे दोनशे ऐंशी फूट

खटक्या हे माझं नाव, मित्रांनो. कारखान्याने मला नाव दिलं नव्हतं, नुसता एक आकडा पाठीवर ठोकून दिला होता. नाव ठेवलं ते व्हेल्मा स्टॉडर्डने. माझी पायाखालची पट्टी दाबली की 'खट्' असा आवाज होई, म्हणून मी खटक्या. सिनेमाची फिल्म कापायची आणि तिचे तुकडे पुन्हा जोडायचे, यासाठी बनवलेलं मी एक लोखंडी यंत्र. आता मी म्हातारा झालो आहे. आज मला तुमच्याजवळ जे सांगायचं आहे ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, कारण सांगताना मान खाली जाते.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तासलं, घासलं, तेल पाजलं. दोन धारदार पाती बसवली, फिल्मची कड खरवडायला एक बारीक खरवडणी दिली आणि जोड पक्का व्हावा म्हणून पोटात थोडी ऊब दिली. मग लाकडी पेटीत भुसा भरून मला लॉस एंजेलिसला धाडलं. सांता मोनिका रस्त्यावर एका गॅरेजच्या वरची खोली, तिथे खिडकीपाशी मला मांडलं. व्हेल्मा तेव्हा ऐन पस्तिशीत होती. मूक सिनेमांच्या काळापासून ती हेच काम करत आली होती. दोन टोकं घ्यायची, कड खरवडायची, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा एक थेंब लावायचा, पट्टी दाबायची. खट्! दोन वेगळे क्षण एक झाले.

तिने आणि मी मिळून चोवीस वर्षं काम केलं. घोडेस्वार एका डोंगरात शिरले आणि आम्ही त्यांना दुसऱ्याच डोंगरातून बाहेर काढलं. रडणाऱ्या नायिका आम्ही वेळेवर हसवल्या. व्हेल्मा दुपारी माझ्या शेजारीच अंड्याचं सँडविच खाई आणि हात पुसल्याशिवाय मला शिवत नसे. दर शनिवारी ती माझी पाती पुसून ठेवी. मला वाटे, माझ्यासारखा भाग्यवान मीच.

मग जपानहून प्राणी यायला लागले.

तिकडे कोणी भलाथोरला प्राणी शहरावर चालून येई, इमारती पाडी, आगगाड्या उचली. रबराच्या पोशाखात शिरलेला माणूस असे तो, पण पडद्यावर काय दिसे! आमचे मालक हार्लन ग्रब्स असे सिनेमे विकत आणत, त्यांत एखादा अमेरिकन नट घुसवत, इंग्रजी बोलणी चिकटवत आणि अमेरिकेतल्या थिएटरांत लावत. घुसवायचं आणि काढायचं काम आमचं.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या जानेवारीत हार्लन दहा डबे घेऊन जिना चढला. धापा टाकतच म्हणाला, "व्हेल्मा, ही बघ नवी वरात. वीस मिनिटं काढ यातली."

"कुठली वीस?"

"ते तुझं तू बघ. मला काय विचारतेस, मला जपानी येत नाही."

"मला तरी कुठे येतं?"

"म्हणून तर तुला सांगतोय! कापताना वाईट वाटायचं नाही." स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. "एक लक्षात ठेव. पोराच्या हातातले पॉपकॉर्न संपायच्या आत प्राणी दिसला पाहिजे."

त्या सिनेमाचं जपानी नाव होतं 'तळ्याखालचं गाव'. धरण बांधतात, एक खेडं पाण्याखाली जातं, लोक वर डोंगरउतारावर नवी घरं बांधतात. पाणी वाढतं तसा तळ्याच्या बुडाशी निजलेला एक प्रचंड प्राणी जागा होतो, उतार चढून येतो आणि नवं गाव, नवी शाळा, सगळं चिरडून टाकतो. हार्लनने त्याचं नाव केलं 'खोल पाण्यातला सैतान'. धरण गेलं, गाव गेलं, सैतान तेवढा राहिला.

अमेरिकन नटाचं काम चार दिवसांत उरकलं. रेनकोट घालून तो एका खिडकीशी उभा राही, बाहेर बघून दचके आणि "अरे देवा, तो इकडेच येतोय!" म्हणे. बाहेर रंगवलेली भिंत होती. त्याच्याशी बोलणारा जपानी प्राध्यापक म्हणून एक माळी उभा केला होता, फक्त पाठमोरा. तो माळी म्हणजे लिलियन हिगाशीचा दीर.

लिलियन आमची दुभाषी. जन्म लॉस एंजेलिसचाच. शनिवारी मुलांना जपानी शिकवी. सिनेमातली बोलणी इंग्रजीत लिहून ती व्हेल्माला देई. आठव्या डब्याशी आल्यावर मात्र तिने कागद कोराच ठेवला.

"इथे काय झालं?" व्हेल्माने विचारलं.

"इथे भाषांतर करण्यासारखं काही नाही. शाळा पडून गेलीय. उरलेले लोक देवळात जमलेत. मास्तरीणबाई हजेरी घेतायत. नुसती नावं आहेत."

"आणि?"

"नाव घेतात आणि थांबतात. काही मुलं 'हाय' म्हणतात, म्हणजे हजर. काही म्हणत नाहीत. मग पुढचं नाव."

व्हेल्माने तो भाग छोट्या पडद्यावर चालवून पाहिला. एक साठीची बाई, मांडीवर वही, चष्म्याची एक काच तडकलेली. नाव, थांबणं. नाव, थांबणं.

"यात घडत काहीच नाही," व्हेल्मा म्हणाली. "प्राणी कुठेय?"

"यात प्राणी नाहीये."

"मग जाऊ दे हे."

लिलियनने कोरा कागद उलटून पुढचा घेतला. तिला ही नोकरी लागून दोनच महिने झाले होते.

दोनशे ऐंशी फूट. सेकंदाला चोवीस चौकटी, तीन मिनिटांहून जरा जास्त. व्हेल्माने पट्टी दाबली. मी म्हणू शकतो की पाय तिचा होता. पण पातं माझं होतं, मित्रांनो, आणि त्या दिवशी ते छान परजलेलं होतं. देवळाचं दार उघडतं तिथे एक घाव घातला, सैतानाची शेपटी दिसते तिथे दुसरा. दोन टोकं जोडली. दार उघडलं आणि शेपटी आली! मधे काही होतं याची पुसटशी शंकाही कोणाला आली नसती. हार्लनने माझ्या पाठीवर थाप मारली. "वा रे खटक्या! काय जोड मारलास!" आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

काढलेले तुकडे कापडी पिशव्यांत भरून भंगारवाल्याकडे गेले. फिल्ममध्ये चांदी असते. ती वितळवून काढतात. आमच्याकडे नेहमी तसंच चाले.

सिनेमा उन्हाळ्यात लागला आणि चांगला चालला. ऑक्टोबर महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी लिलियन जिना चढून आली. बरोबर एक बुटकी म्हातारी बाई होती. राखाडी किमोनो, हातात कापडात बांधलेला खोका. तिने दारातच कमरेतून वाकून नमस्कार केला. मी तिला ओळखलं. व्हेल्मानेही ओळखलं असावं, कारण तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"या शिगे नागोशी," लिलियन म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "इथे जवळच गार्डिना गावात यांच्या भावाची फुलांची शेती आहे. त्याच्याकडे आल्यात दोन आठवडे. यांना तुमचे आभार मानायचेत."

"आभार?"

शिगेबाई हळूहळू बोलत होत्या आणि लिलियन सांगत होती. आयुष्यभर त्या गावोगावच्या नाटक मंडळ्यांत दासी, सासू, शेजारीण अशी कामं करत आल्या. सिनेमात मोठं काम असं एकच, हे मास्तरणीचं. ते अमेरिकेत पोचलं याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं. खोक्यात गोड सारणाचे मांजू होते, त्यांनी स्वतः वाफवलेले.

मग शिगेबाई जरा घुटमळल्या. चूक दाखवावी की नाही अशा संकोचात असल्यासारखं काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतायत?" व्हेल्माने विचारलं.

"म्हणतायत... काल त्या सगळ्यांना घेऊन मेन स्ट्रीटच्या थिएटरात गेल्या होत्या. भाऊ, वहिनी, पोरं, शेजारी, चौदा जणं. ट्रकमधून. सगळे नवे कपडे घालून." लिलियनने शिगेबाईंकडे पाहिलं. "तिथल्या माणसाकडून एक डबा लावायचा राहिला असं त्यांना वाटतंय. बिचाऱ्याला रागवू नका म्हणतायत. पण बाकीच्या थिएटरांतही असं व्हायला नको, म्हणून सांगायला आल्यात."

व्हेल्मा माझ्याकडे बघत होती. दुसरीकडे कुठे बघायचं ते तिला सुचत नसावं.

"हो," ती म्हणाली. "तसंच झालं असेल. मी बघते. त्यांना म्हणावं गुरुवारी या. तो भाग मी इथेच लावून दाखवते."

लिलियनने चमकून तिच्याकडे पाहिलं, पण सांगितलं तसंच. शिगेबाईंचा चेहरा उजळला. त्या जपानीत भरभर बोलल्या आणि लिलियन सांगत गेली. जपानमधल्या आमच्या सिनेमा कंपनीला गेल्या वर्षी टाळं लागलं, फिल्मचे डबे कुठल्या कुठे गेले, आता माझ्या घरच्यांना दाखवायला तुमच्याकडचंच काय ते उरलं आहे. मग त्यांनी माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

"हे फिल्म जोडायचं यंत्र, मावशी," लिलियन म्हणाली.

शिगेबाईंनी मलाही वाकून नमस्कार केला.

मित्रांनो, माझी पाती अनेकदा बोथट झाली, एकदा पाठीचा स्क्रू तुटला, पण त्या नमस्काराएवढं मला काहीच लागलं नाही.

त्या जाताच व्हेल्माने फोन उचलला. भंगारवाला म्हणाला, जुन्या काही गोण्या मागे पडून असतील, येऊन बघा. ती तडक निघाली, आणि लिलियनही तिच्याबरोबर गेली. मंगळवारी गेल्या, बुधवारी पुन्हा गेल्या. बुधवारी दुपारी परतल्या तेव्हा दोघींचे हात कोपरापर्यंत काळे होते. व्हेल्माने मूठभर तुकडे टेबलावर टाकले आणि एकेक उजेडात धरून पाहिला. दात घासण्याची जाहिरात. घोडा. दुसऱ्याच कोणाचं लग्न.

हार्लन आला, त्याने खोक्यातला एक मांजू उचलून तोंडात टाकला. "हे काय, सगळ्या खोलीत भंगार?"

"हार्लन, ती हजेरीची बाई आली होती. दोनशे ऐंशी फूट आपण काढले ती."

"मग?"

"जपानमध्ये आता एखादी तरी प्रत शिल्लक आहे का, तार करून विचार. सापडली तर तो भाग परत घालू."

"परत? तीनशे थिएटरांत चाललाय तो, व्हेल्मा! पोरं सैतानाला टाळ्या वाजवतायत. त्या म्हातारीला कोण विचारतंय?"

"चौदा जणं विचारत होती. रविवारी."

"हे बघ, मी वीस मिनिटं म्हणालो होतो. ही बाई काढ असं मी म्हणालो होतो का?" त्याने बोटं चाटली. "नाही ना? तू निवडलीस. माझ्यावर कशाला कातावतेस?"

तो खरंच बोलत होता, आणि तेच व्हेल्माला सोसवेना. जाताना हार्लन दारात थांबला, म्हणाला, "करतो तार." त्याने ती केलीही. उत्तर आलं नाही.

गुरुवारी शिगेबाई आल्या तेव्हा भाऊ आणि वहिनीही बरोबर होते. भावाने टाय बांधला होता. व्हेल्माने तिघांसाठी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, पण स्वतः ती उभीच राहिली.

"लिलियन, मी बोलते तसंच्या तसं सांग. गोड करून सांगू नकोस."

"बरं."

"डबा लावायचा राहिला नाही. तो दोनशे ऐंशी फुटांचा भाग मी कापला. मालकाने सांगितलं नव्हतं, मीच निवडला. तुकडे भंगारात गेले, वितळवले गेले. मी तीन दिवस शोधले. नाहीत. सोमवारी मी तुमच्याशी खोटं बोलले."

लिलियनने सांगितलं. भावाने टायची गाठ सैल केली. वहिनी जमिनीकडे बघू लागली. शिगेबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"का, असं विचारतायत."

"कारण..." व्हेल्माचे ओठ हलले. "कारण त्यात काही घडत नाही असं मला वाटलं."

लिलियनने हे सांगताना मान वर केली नाही. शिगेबाई म्हणाल्या, "दिग्दर्शकही पहिल्यांदा तेच म्हणाला होता. मावशी, जरा उरका, म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, पोरगं उत्तर देईपर्यंत मास्तरीण थांबतेच. घाई करायची तर दुसरी बाई बघ."

आणि मित्रांनो, त्यानंतर त्यांनी हातातली पिशवी बाजूला ठेवली. माझ्या टेबलावर व्हेल्माची नोंदवही पडली होती, ती खुणेने मागून घेतली, मांडीवर उघडली. चष्मा नाकावर सरकवला. आणि त्या हजेरी घ्यायला लागल्या.

एक नाव घेतलं. वर पाहिलं. थांबल्या. ते थांबणं म्हणजे काय होतं ते मी कसं सांगू? त्यांचे डोळे खोलीतल्या कुठल्या तरी जागेवर, एखादं मूल बसलं असेल तेवढ्या उंचीवर, जाऊन टेकले. तिथे कोणी नाही हे त्यांना कळलं, तरी त्यांनी मुलाला आणखी थोडा वेळ दिला. मग वहीत खूण केली. पुढचं नाव.

तेवीस नावं होती. सिनेमात चौदा मुलांनी 'हाय' म्हटलं होतं. खोलीत कोणीच म्हटलं नाही. ती चौदा पोरं सैतानाच्या तावडीतून सुटली होती, त्यांना मी कापलं होतं.

बाराव्या का तेराव्या नावाला व्हेल्मा खुर्चीवर बसली. लिलियन भिंतीकडे तोंड करून उभी होती. शेवटचं नाव झालं. शिगेबाईंनी वही मिटली, वाकून व्हेल्माच्या हातात परत दिली आणि एकदम साध्या आवाजात लिलियनला काहीतरी विचारलं.

"विचारतायत, आता दोनशे ऐंशी फूट झालं का?"

व्हेल्माने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "जास्तच झालं," ती म्हणाली. "सांग त्यांना, यातलं एक फूटही कापता येणार नाही."

शिगेबाईंनी 'माफ केलं' असं म्हटलं नाही. व्हेल्मानेही ते मागितलं नाही. जिन्यावरून उतरताना भावाने बहिणीचा हात धरला होता, एवढं मला दारातून दिसलं.

व्हेल्माने काम सोडलं नाही. सोडून ती करणार काय होती? त्यानंतर आम्ही जपानचे आणखी पाच प्राणी कापले. पण दर वेळी कात्री लावण्याआधी ती लिलियनला विचारी, "हे काय म्हणतायत? नीट सांग, घाई नाही." काढलेला प्रत्येक तुकडा गुंडाळून डब्यात ठेवी आणि वर त्यातल्या माणसांची नावं लिही. हार्लन कुरकुरे. "बाई, ही खोली आहे की थडगं?" व्हेल्मा पुढच्या डब्यावर नाव लिहायला घेई. दोन सिनेमांचे असे डबे तिने आणि लिलियनने बोटीने जपानला परतही पाठवले. एका ठिकाणाहून पोच आली.

आणि तिने शिगेबाईंना पत्र लिहिलं, ती तेवीस नावं कळवाल का म्हणून. उत्तर यायला तीन महिने लागले. जाड कागद, शाईने लिहिलेली नावं, एकाखाली एक. दुसरा एक शब्द नाही. व्हेल्माने तो कागद माझ्या वरच्या भिंतीवर चिकटवला.

"हे काय, धोब्याची यादी?" हार्लनने विचारलं.

"हजेरी आहे," व्हेल्मा म्हणाली.

आठ वर्षांनी व्हेल्माचे डोळे गेले आणि ती आपल्या पुतणीकडे फ्रेस्नोला राहायला गेली. जाताना घाईत, आणि दिसत नसल्यामुळे, कागद भिंतीवरच राहिला. पुढच्याच आठवड्यात रंगारी आला. चांगला माणूस होता, शीळ वाजवत काम करत होता. त्याने कागद सोलून काढला, उलटसुलट पाहिला, त्याला काही कळलं नाही, आणि गोळा करून टोपलीत टाकला. मला हात नाहीत. मी बघत राहिलो.

आज मी एका सिनेमाच्या शाळेत काचेमागे आहे. मुलं येतात, माझी पाती बघून "वा!" म्हणतात. माझे जोड किती बेमालूम असत, हे शिक्षक त्यांना सांगतात. मला मात्र ती तेवीस नावं आठवायची असतात. चोवीस वर्षांत हजारो मैल फिल्म माझ्या अंगावरून गेली, पण त्या नावांतलं एकही मला आता सांगता येत नाही. आठवतं ते फक्त त्यांच्यामधलं थांबणं.

मित्रांनो, मी तुम्हाला कापू नका म्हणत नाही. प्रत्येकाला कधी ना कधी काहीतरी कापावं लागतंच. पण ज्याची भाषा तुम्हाला येत नाही, त्याचं काहीही काढून टाकण्याआधी कोणाला तरी विचारा. आणि तो सांगत असेपर्यंत थांबा.